माघारचा मान

मराठीतलं आदरार्थी बहुवचन मोडीत काढावं, असं म्हणणारे आता वाढले आहेत. त्यातले बरेच जण तरुण आहेत, प्रामाणिक आहेत, आणि जातिभेदाची त्यांना मनापासून चीड आहे. त्यांचं म्हणणं असं की 'तो' आणि 'ते', 'ती' आणि 'त्या' अशा जोड्या भाषेत ठेवल्या की बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्यात माणसाची किंमत करावी लागते. ही किंमत वय, जात, पैसा आणि हुद्दा बघून होते. मग सगळ्यांनाच 'तो' आणि 'ती' म्हणावं, निदान लिहिताना तरी, म्हणजे प्रश्न मिटेल. इंग्रजीत पंतप्रधानांना आणि पाटकऱ्याला एकच सर्वनाम चालतं, स्वीडनमध्ये लोकांनी आदरार्थ सोडून दिला. मग मराठीनंच हे ओझं का वाहायचं, असं ते विचारतात.

त्यांनी रोग बरोबर ओळखला आहे. सुचवलेला उपाय मात्र ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच अंगावर उलटणारा आहे, आणि म्हणून त्याला विरोध करणं मला गरजेचं वाटतं.

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की पिंपळी येते, मग लिमटेक, काटेवाडी, आणि पुढे इंदापूर तालुक्यात शिरल्यावर भवानीनगरचा छत्रपती कारखाना. नीरा डाव्या कालव्यावरचा हा उसाचा पट्टा. इथली बोली शहरी कानाला रांगडी लागते, आणि या भागात सगळा अरेतुरेचाच कारभार आहे असा समज पुण्यात बसल्या जागी पक्का झालेला असतो. तो समज आधी दूर करायला हवा, कारण 'आदरार्थी बहुवचन हे पांढरपेशांचं, गावाला त्याचं काही पडलेलं नाही' हा युक्तिवाद त्याच समजावर उभा आहे. पिंपळीत कुणाच्याही ओसरीवर घटकाभर बसावं. 'तात्या आल्यात.' 'आण्णा मोटर चालू करायला गेल्यात.' 'आबा जेवल्यात का?' इथलं पोर 'आलाय' आणि 'आल्यात' यांत कधी गल्लत करत नाही. वर्गमित्र 'आलाय', त्याचे आजोबा 'आल्यात'. सून शेजारणीला सांगते, 'मामा बाजारला गेल्यात.' मामा म्हणजे सासरे. ते तिथे नसतात, त्यांच्या कानावर ते वाक्य कधी जाणारही नसतं. तरीही क्रियापद बहुवचनातच येतं.

या वादातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि आदरार्थ मोडू पाहणारे नेमकी तीच सोडून देतात. 'तू' आणि 'तुम्ही' यांची निवड माणूस समोर असताना होते. समोर असलेल्याला 'तुम्ही' म्हणायला आदरच लागतो असं नाही. भीती पुरते, गरज पुरते, व्यवहार पुरतो. गळीत हंगाम सुरू झाला आणि ऊस तोडीला आला की कारखान्याचा चिटबॉय बांधावर येतो. तोडणीचा प्रोग्राम कुणाचा आधी, कुणाचा नंतर, हे बरंचसं त्याच्या हातात असतं. त्याला 'या साहेब, बसा साहेब' असतं. मोटरसायकल वळणाआड गेली की 'त्यो काय म्हणत हुता?' असं विचारलं जातं. समोरचा 'साहेब' हंगामापुरता होता, खरी भावना मागच्या 'त्यो'मध्ये होती. तेच गावातल्या जुन्या गुरुजींची बदली होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्याबद्दल बोलताना 'गुरुजी म्हणायचे' असंच तोंडात येतं. गुरुजी कुणाचं काही वाकडं करू शकत नाहीत, कुणाला काही देऊही शकत नाहीत. माणूस माघारी असताना त्याला मिळणारं सर्वनाम हाच त्याचा खरा मान आहे.

आणि लिहिणं म्हणजे तर सगळं माघारचंच बोलणं. बातमी, पंचनामा, फिर्याद, इतिहास, श्रद्धांजली, सरकारी अहवाल, या सगळ्यांत जो माणूस येतो तो त्या वेळी तिथे नसतो. त्याच्याबद्दल काय लिहिलं जातंय हे त्याला बघता येत नाही, अडवता येत नाही. म्हणून छापील मराठीत 'तुम्ही'पेक्षा 'ते' आणि 'त्या' यांचा प्रश्न मोठा आहे. शिष्टाचाराच्या पुस्तकांनी सगळी शाई 'तुम्ही'वर खर्च केली आणि 'ते-त्या' वाऱ्यावर सोडले, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आता 'सगळ्यांना तो म्हणा' या उपायाकडे येऊ. त्यात गृहीत असं धरलेलं आहे की 'तो' हे मधलं, निर्विकार रूप आहे आणि 'ते' ही त्यावर चढवलेली झूल आहे. काही भाषांत तसं आहे. मलयमध्ये 'दिया' हे सर्वनाम पुरुषालाही चालतं आणि बाईलाही. मान द्यायचा असेल तर 'बलियाऊ' आहे, सुलतानासाठी 'बागिंदा' आहे. पण 'दिया' म्हटल्यानं कुणी खाली ओढलं जात नाही. ती सपाट जमीन आहे आणि 'बलियाऊ' हा तिच्यावरचा चौथरा. शिवाय मलय क्रियापद कर्त्याच्या वचनाप्रमाणे बदलत नाही. लिहिणाऱ्याला निवड टाळायची असेल तर तो नाव किंवा हुद्दा पुन्हा लिहितो आणि सुटतो.

मराठीत सुटता येत नाही. सर्वनाम गाळलं तरी क्रियापद बोलतं. 'पाटील आला' आणि 'पाटील आले' या दोन वाक्यांत सर्वनाम कुठेच नाही, तरी दोन्हींतला पाटील निराळा आहे. विशेषण बोलतं: 'थकलेला' की 'थकलेले'. षष्ठी बोलते: 'त्याचं घर' की 'त्यांचं घर'. मराठी वाक्याला तिसरी, मधली वाट नाही. आणि 'तो' ही सपाट जमीनही नाही. भांडण पेटलं की आपण 'प्रकरण एकेरीवर आलं' म्हणतो. अनोळखी म्हाताऱ्या माणसाबद्दल 'तो कुठं राहतो?' असं विचारलं तर ऐकणारा दचकतो. घरात एकेरी म्हणजे जवळीक. ओळख नसताना, माघारी वापरलेली एकेरी म्हणजे तुच्छता, आणि हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

याची सगळ्यात उघडी साक्ष 'बाई' हा शब्द देतो. 'बाई आल्या' म्हटलं की शाळेतल्या शिक्षिका डोळ्यांपुढे येतात. 'बाई आली' म्हटलं की धुण्याभांड्याला येणारी. शब्द एक, वय कदाचित एकच, आडनावही एक असू शकतं. क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरानं कोण खुर्चीवर बसणार आणि कोण मोरीपाशी, ते ठरलं. आदरार्थ मोडू पाहणारे हे उदाहरण स्वतःच्या बाजूनं देतात. मी विचारतो, उद्या शाळेतल्या बाईसुद्धा 'आली' झाल्या, तर धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या पदरात काय पडलं?

त्यांच्या बाजूनं जे सगळ्यात भक्कम आहे ते मी दडवणार नाही. या पट्ट्यात पूर्वी सालगडी असत. सत्तरीचा सालगडी मालकाच्या दहा वर्षांच्या पोराला 'धाकलं मालक' म्हणे, माघारी त्याच्याबद्दल बोलताना 'गेल्यात' म्हणे, आणि तेच पोर त्या म्हाताऱ्याला नाव तोडून, शेवटी 'या' लावून हाक मारी. बलुतेदारांना कित्येकदा नावच नसे. जातीचं नाव हेच नाव, आणि क्रियापद एकेरी. वय, अनुभव, केस पिकलेले, काही काही उपयोगी पडत नसे. 'तात्या आल्यात' हा गोड प्रयोग गावातल्या सगळ्या तात्यांना मिळत नव्हता. ज्या घरांना तो मिळाला नाही त्या घरातल्या नातवाला आज आदरार्थी बहुवचनाचा राग येत असेल तर तो राग खरा आहे, आणि त्याच्याशी बोलताना मराठीच्या गोडव्याची भलामण करणं अपमानकारक आहे.

पण त्या म्हाताऱ्याला काय हवं होतं? मालकाचं पोर 'तो' व्हावं, एवढंच हवं होतं? स्वतःबद्दल कुणीतरी 'गेल्यात' म्हणावं, हे त्याला हवं होतं. आंबेडकरी चळवळीनं याचं उत्तर स्पष्ट दिलेलं आहे. 'जोहार मायबाप' हा वाकून करायचा नमस्कार सोडला आणि त्या जागी 'जय भीम' आला, दोघांनी एकाच उंचीवर उभं राहून एकमेकांना म्हणायचा. ज्या समाजाला नावापुढचं 'राव' आणि 'बाई' नाकारलेलं होतं त्या समाजानं पुढाऱ्याला 'बाबासाहेब' म्हटलं, रमाबाईंना 'रमाई' म्हटलं. मान नावाची गोष्ट वाईट असते असं त्यांनी म्हटलं नाही. ती आपल्यालाही हवी आहे असं म्हटलं, आणि मिळवली.

सगळ्यांना एकेरी करायचं ठरवलं तर प्रत्यक्षात काय होईल, याचा अंदाज करायला कल्पनाशक्ती लागत नाही. बारामतीत पुढाऱ्यांसाठीचे 'साहेब', 'दादा', 'ताई' हे शब्द उच्चारले की पुढचं क्रियापद आपोआप बहुवचनात जातं. 'दादा आला' असं म्हणताना मी या तालुक्यात कुणाला ऐकलेलं नाही, विरोधकांनाही नाही. उद्या कुठल्या संपादकांनी एकेरीचं धोरण जाहीर केलं म्हणून 'मुख्यमंत्री आला आणि तो म्हणाला' असं छापून येईल? येणार नाही. पहिल्याच दिवशी अपवाद निघेल. मग न्यायमूर्तींसाठी निघेल, महाराजांसाठी निघेल, जाहिरातदारांसाठी निघेल. अपवाद काढून घ्यायची ताकद ज्यांच्यात आहे ते 'ते' राहतील. ज्यांच्यात ती नाही तेवढे 'तो' होतील, आणि आजवर निदान लाज तरी वाटायची, तीही जाईल, कारण आता त्याला समतेचं नाव मिळालेलं असेल.

हे आजच घडतंय. कुठलंही मराठी दैनिक उघडावं आणि पहिलं पान गुन्ह्यांच्या पानाशेजारी ठेवून वाचावं. घोटाळ्यात अडकलेले पुढारी 'त्यांना अटक करण्यात आली', 'त्यांनी आरोप फेटाळले'. मोटरसायकल चोरल्याचा संशय असलेला मजूर 'त्याला अटक करण्यात आली', 'त्याने कबुली दिली'. दोघांवर अजून फक्त आरोप आहे. कायद्यापुढे दोघं सारखे. मराठीपुढे नाहीत. विहिरीत पडून मेलेला पन्नाशीचा खोदकाम मजूर 'तो मूळचा अमुक गावचा होता' असा जातो, आणि त्याच विहिरीचे मालक त्याच बातमीत 'त्यांनी पोलिसांना कळवलं' असे येतात. मेलेल्यालासुद्धा मान नाही. खेळाडू आणि नट-नट्या एकेरीत येतात ही गोष्ट वेगळी आहे. शतक ठोकणाऱ्या मुलाला सगळा महाराष्ट्र आपल्या घरचा समजतो आणि त्या 'तो'त माया असते. खोदकाम मजुराच्या 'तो'त माया नसते. लिहिणाऱ्यानं त्याला कधी घरचा मानलेलं नसतं.

स्वीडनचा दाखला वारंवार दिला जातो, म्हणून त्याबद्दल. तिकडचा बदल प्रामुख्यानं समोरच्याला संबोधण्याचा होता. हुद्दे आणि पदव्या घेऊन बोलायची कटकट सोडून सरसकट 'दू', म्हणजे 'तू', म्हणायचं. पण तो सुरू कुठून झाला ते बघावं. १९६७ साली ब्रूर रेक्सेड तिथल्या वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झाले आणि आपण खात्यातल्या सगळ्यांना 'दू' म्हणणार, त्यांनीही आपल्याला तसंच म्हणावं, असं त्यांनी सांगितलं. बदलाची हवा आधीपासून होती, पण त्याची खूण म्हणून लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच: साहेबांनी स्वतःचा मान आधी खाली ठेवला. आपल्याकडे कुठल्या जिल्हाधिकाऱ्यांनी, कुठल्या कारखान्याच्या अध्यक्षांनी 'मला एकेरीत लिहा' असं म्हटलंय? ते म्हणेपर्यंत हा उपाय फक्त खालच्या पायरीवर लागू होणार आहे.

दुसरा एक आक्षेप असा की आदरार्थी बहुवचन हा दरबारी, सरंजामी रिवाज आहे, मुसलमानी अमलात किंवा पेशवाईत रुजलेला. हे साफ चूक आहे. तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींना 'गोसावी' म्हटलं जातं आणि त्या 'गोसावी'मागे बहुवचन चालतं. लिहिणारे म्हाइंभट कुणाच्या दरबारात नव्हते. आपल्यातून गेलेल्या गुरूच्या आठवणी ते गोळा करत होते. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या मोठ्या ग्रंथात हे रूप प्रेमानं आलेलं आहे, ज्याच्याकडून काही मिळायचं राहिलेलं नाही अशा माणसाबद्दल. पुढे दरबारानं त्याचा वापर स्वतःसाठी केला असेल. म्हणून ते दरबाराचं होत नाही.

एकेरीच्या प्रेमाचा मुद्दाही मला मान्य आहे, आणि तो मोडायची माझी इच्छा नाही. 'आई आली', 'वडील आले.' आईला कुणी 'आल्या' म्हणत नाही, म्हटलं तर घरात सावत्र वाऱ्याची झुळूक आल्यासारखं वाटेल. विठ्ठल 'तो' आहे. अठ्ठावीस युगं विटेवर उभा 'आहे', उभे 'आहेत' असं म्हणणारा वारकरी मला भेटलेला नाही. पण याच वारकऱ्यांकडे दुसऱ्या बाजूनंही बघावं. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून याच रस्त्यानं, पिंपळी-लिमटेकवरून काटेवाडीकडे आणि पुढे सणसरला जाते. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक पाणी, केळी, चहा घेऊन उभे असतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'माउली, घ्या', 'माउली, बसा' असं म्हटलं जातं. तो माणूस कोण, कुठला, कुठल्या जातीचा, किती एकरांचा धनी, याची कुणी चौकशी करत नाही. माघारी बोलतानाही 'माउली थकल्या होत्या, जरा टेकल्या' असंच बोलणं असतं. देवाला एकेरी आणि अनोळखी माणसाला आदरार्थ, हे दोन्ही एकाच तोंडात, एकाच दिवशी, कसलाही गोंधळ न होता नांदतं. जवळच्याला 'तो' आणि परक्याला, तो कुणीही असो, 'ते'. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, आणि ते बाहेरून आणलेलं नाही. दर आषाढाला आपल्या दारावरून जातं.

उलट्या टोकाला जे लोक आहेत त्यांनाही इथेच उत्तर द्यायला हवं. गोविंद पानसरे यांचं 'शिवाजी कोण होता?' हे पुस्तक १९८८ साली आलं. त्याच्या असंख्य प्रती घरोघर गेल्या. पुढे एका आमदारांनी शीर्षकातल्या एकेरीवर हरकत घेऊन कोल्हापूरच्या प्रकाशकांना फोनवरून धमकावल्याचं प्रकरण गाजलं. तोपर्यंत पानसऱ्यांचा खून होऊन दहा वर्षं उलटली होती. त्या पुस्तकातला 'होता' हा पोवाड्यातला 'होता' आहे. शाहीर राजाला एकेरीत गातो, कारण राजा एव्हाना सगळ्या रयतेच्या घरचा झालेला असतो. शिवाजी महाराजांबद्दल आज लिहिताना मी स्वतः 'होते' लिहितो, ती माझी निवड आहे. पण शेकडो वर्षांपूर्वीच्या पुरुषाचं क्रियापद तपासायला जे लोक फोन उचलतात, त्यांना आजच्या पानावरचा जिवंत मजूर 'तो' झालेला दिसत नाही, याचं मला जास्त दुःख आहे. मान राखायचा एवढा कळवळा असेल तर ज्याला तो अजून मिळालेलाच नाही त्याच्यापासून सुरुवात व्हावी.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतलेला आहे. नवऱ्याबद्दल बायको 'हे गेल्यात', 'मालक आल्यात' म्हणते. बायकोबद्दल नवरा 'ती आलीय' म्हणतो. घरातलं घरात राहू द्या म्हणून हे सोडून द्यावं, तर ते घरात राहत नाही. २०११ साली महाराष्ट्रानं स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांसाठी निम्म्या जागा राखल्या. आज कित्येक गावांत सरपंच बाई आहेत. तरी पारावर 'सरपंच आल्यात' असा पुकारा झाला की मोटरसायकलवरून उतरतात ते त्यांचे यजमान. सरपंचपदाबरोबरचं बहुवचन नवऱ्यानं उचललेलं असतं, आणि ज्यांच्या सहीनं ठराव होतो त्या 'ती घरी हाय' असतात. इथे 'सगळ्यांना एकेरी' या धोरणानं काय साधेल? त्या बाईंना ती आधीच मिळालेली आहे.

आणि याच गावांत एक वेगळं उदाहरणही घडलं, ज्याच्याकडे कुणी नीट पाहिलेलं नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याबरोबर आशा स्वयंसेविका आल्या. गावातल्याच सुना, बऱ्याचशा गरीब घरातल्या. लोकांनी त्यांना 'आशाताई' म्हटलं. कालपर्यंत जी 'त्याची बायको' किंवा 'खालच्या आळीची सून' होती, तिच्याबद्दल आता 'आशाताई येऊन गेल्या', 'आशाताईंनी गोळ्या दिल्यात' असं बोललं जातं, वाड्यातही आणि वस्तीवरही. त्यांचं मानधन तुटपुंजं आहे, त्यासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात, ते वेगळं भांडण आहे आणि मी त्यात त्यांच्या बाजूनं आहे. पण बहुवचन मिळालं, आणि जातीची, हुद्द्याची परवानगी न घेता मिळालं. कुणी आदेश काढला नव्हता. म्हणजे मराठी माणसाच्या तोंडात हे बसत नाही, ही सबब खोटी आहे.

मग ऊसतोडीला आलेल्या माणसांना ते का मिळत नाही? बीड, अहिल्यानगर, जालना भागातून टोळ्या येतात, कालव्याच्या कडेला पालं पडतात. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. 'किती कोयते आलेत?', 'दोन कोयते पळाले', 'कोयता आजारी हाय.' इथे 'तो' की 'ते' हा प्रश्नसुद्धा उरत नाही. दोन माणसं मिळून एक हत्यार होतात, आणि हत्याराला मान कसला? त्या जोडीतली बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, आणि हिशेबात ती अर्धा कोयता असते. ज्यांना सर्वनामांचा भेद मिटवायचा आहे त्यांनी या 'कोयत्या'कडे बघावं. भेद मिटवून खालच्या बाजूला सपाट केलेली भाषा कशी दिसते, त्याचा हा नमुना आहे.

एक व्यावहारिक आक्षेप उरतो, आणि तो खोटा नाही. 'त्यांनी सांगितलं' म्हटलं की एकानं सांगितलं की दहांनी, पुरुषानं की बाईनं, कळत नाही. 'त्याने' आणि 'तिने' यांत जो नेमकेपणा आहे तो 'त्यांनी'त जातो. बातमीत दोन-तीन माणसं असली की गोंधळ होतो. पण हा गोंधळ मंत्र्यांच्या बातम्यांत आपण रोज निस्तरतो. नाव पुन्हा लिहितो, हुद्दा लिहितो, वाक्य तोडतो. शेजारच्या कन्नडमध्ये 'अवरु' हेच बहुवचनाला आणि आदराला दोन्हींकडे लागतं, बाईलाही आणि पुरुषालाही, आणि कन्नड वर्तमानपत्रं रोज निघतात. मंत्र्यांसाठी जी मेहनत घेता येते ती खोदकाम मजुरासाठी जड होऊ नये.

बोलण्यावर मला कसलीच बंधनं नको आहेत. ओसरीवर, पारावर, शिवारात लोकांनी त्यांच्या मायेप्रमाणे आणि रागाप्रमाणे बोलावं. चिटबॉयला माघारी 'त्यो' म्हणायचा शेतकऱ्याचा हक्क मी काढून घेणार नाही. माझी मागणी छापील आणि सरकारी मराठीकडे आहे. नावानिशी किंवा ओळखीनिशी उल्लेख झालेला कुणीही माणूस, वय अठराच्या पुढे असेल, तर 'ते' किंवा 'त्या'. पोलीस पंचनाम्यातला 'सदर इसम' असो, 'मयत' असो, ऊसतोडीला आलेल्या बाई असोत, मुकादम असोत. अठराच्या आतली मुलं 'तो' आणि 'ती', कारण त्या एकेरीत अजून मोठ्यांनी लहानांकडे बघायची माया आहे. हत्याराचं नाव हत्यारालाच राहू द्यावं; अपघाताच्या बातमीत 'दोन कोयते जखमी' न लिहिता नवऱ्याचं नाव लिहावं, बायकोचं लिहावं, आणि दोघांमागे बहुवचन लावावं.

'म्हणजे आरोपीलाही ते म्हणायचं का, बलात्काऱ्यालाही?' असं लगेच विचारलं जाईल. माझं उत्तर हो आहे, आणि मला माहीत आहे की ते पुष्कळांना रुचणार नाही. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा न्यायालय देईल. दहा वर्षं देईल, जन्मठेप देईल. बातमीदाराकडे द्यायला शिक्षा नसते, वाक्य असतं. त्या वाक्यातून आरोपींची सर्वनामं काढून घ्यायची मुभा दिली की ती काढून घेतली कुणाची जातात, हे आपण गुन्ह्याच्या पानावर रोज बघतो: वाहनचालकाची, वेटरची, परप्रांतीय मजुराची, पारध्याची. बँक बुडवणाऱ्या संचालकांची कधी गेली नाहीत. ती सगळ्यांची काढायची हिंमत आपल्यात नाही, हे इतक्या वर्षांत पुरतं सिद्ध झालेलं आहे. तेव्हा कुणाचीच काढू नयेत.